तुरीचे सोले आणि हैतीचा भात

वऱ्हाडात तुरीच्या ओल्या, हिरव्या दाण्यांना सोले म्हणतात आणि ते घालून शिजवलेल्या भाताला सोलेभात. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि त्याच्या आसपासच्या गावांत हा भात मार्गशीर्ष-पौषात होतो, कारण शेंग भरलेली आहे पण वाळलेली नाही, ही अवस्था तेवढ्याच काळात हाती लागते. त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात, नाताळाच्या सुमारास हाच दाणा तांदळाबरोबर हंडीत पडतो. तिथे त्या पदार्थाला ‘दिरी आक प्वा कोंगो’ म्हणतात. दिरी म्हणजे तांदूळ किंवा भात, आक म्हणजे ‘सह’ आणि प्वा कोंगो म्हणजे तूर. हैतीच्या भात-कडधान्याची बाहेरच्या जगाला ओळख आहे ती मुख्यतः तांबड्या राजम्याच्या भातामुळे, परंतु वऱ्हाडी स्वयंपाकघरातून पाहणाऱ्याला तुरीचा भात अधिक जवळचा आहे, आणि तो इथे उत्तम साधतो. त्यामुळे राजम्याच्या भाताचा विचार येथे शेवटाकडे आणि थोडक्यात केला आहे.

दोन्हीकडे हंगाम एकच असण्यामागे योगायोग नाही. तुरीचे पारंपरिक, उशिरा येणारे वाण दिवसाच्या लांबीला संवेदनशील असतात. म्हणजे दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की मगच ते फुलावर येतात, मग पेरणी थोडी मागे-पुढे झाली तरी चालते. धामणगाव उत्तर अक्षांश २१ अंशांच्या किंचित खाली आहे आणि हैतीचा भूभाग साधारण १८ ते २० अंशांच्या दरम्यान येतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी दिवस जवळजवळ सारख्याच गतीने आखडतो, झाड फुलोऱ्यावर येते आणि वर्ष संपता संपता शेंग भरते. संक्रांतीच्या आधी वऱ्हाडात सोल्यांची रेलचेल असते आणि जमैकातही नाताळच्या भातात तूरच लागते, या दोन गोष्टींचा मूळ धागा असा सूर्याच्या फेऱ्यात आहे. हैतीत १ जानेवारीचा मान मात्र भाताला नसून लाल भोपळ्यासारख्या फळाच्या ‘सूप जुमू’ या सुपाला आहे, कारण १८०४ साली त्या दिवशी हैती स्वतंत्र झाला. या सुपाची नोंद युनेस्कोने २०२१ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

तूर मूळची भारताची. तिचा सर्वांत जवळचा रानटी भाऊबंद ओडिशा आणि बस्तरच्या बाजूच्या डोंगराळ प्रदेशात सापडतो, म्हणजे विदर्भाच्या पूर्व शिवेपासून तो फार दूर नाही. इथून हे पीक समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेले, तिथून खंडाच्या आतल्या भागात आणि पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरले, आणि गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचले. कोंगो हा शब्द तिच्या तिथल्या नावात शिरला तो या प्रवासामुळेच. त्रिनिदाद, गयाना किंवा सुरीनाम येथे १९व्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांनी आपल्याबरोबर डाळ-भात नेला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. हैतीच्या बाबतीत तसे काही घडलेले नाही. फ्रेंचांची वसाहत असताना या भूमीला सँ-दोमँग असे नाव होते, तिथे ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणारे गुलाम आफ्रिकेतून आणले जात, आणि त्यांना पोटासाठी मळ्याच्या कडेचे जे तुकडे कसायला मिळत त्यांवर जी पिके तग धरीत त्यांत तूर होती. खोल जाणारे सोटमूळ, कोरड्यात टिकून राहण्याची क्षमता आणि एकदा लावल्यावर दोन-तीन वर्षे शेंगा देत राहण्याची सवय या तीन गुणांमुळे, पाणी, खत आणि वेळ यांपैकी काहीच ज्याच्या हाती नाही अशा माणसाला ही वनस्पती सोयीची होती. १७९१ मध्ये याच गुलामांनी उठाव केला आणि त्यातून जगातील पहिले कृष्णवर्णीय प्रजासत्ताक उभे राहिले.  

धामणगावच्या परिसरात तूर सहसा एकटी नसते. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील या काळ्या कसदार जमिनीत कपाशी किंवा सोयाबीनच्या ठराविक ओळींनंतर तुरीचे एक-दोन तास घेण्याची पद्धत आहे. तास म्हणजे पेरणीची ओळ. मुख्य पीक जमिनीच्या वरच्या थरातली ओल वापरते, तर तुरीचे मूळ खाली उतरून हिवाळ्यातही दाणा भरत राहते, आणि तिची गळणारी पाने पुढच्या हंगामासाठी जमिनीत मिसळतात. शेंगा तोडून झाल्यावर उरलेले झाड म्हणजे तुराट्या. त्या कुडाला, कुंपणाला आणि चुलीला चालतात, म्हणजे ज्या झाडाचा दाणा गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजतो त्याच्याच काड्या पुष्कळदा गंजाखाली जळत असतात. अकोला हे तुरीच्या डाळगिरण्यांचे जुने केंद्र आहे, आणि तेथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यात चालेल अशी छोटी डाळगिरणीही विकसित केली आहे. वाळलेल्या तुरीचा जवळजवळ सगळा ओघ डाळीकडे जातो. ओले सोले आणि अख्ख्या तुरीच्या घुगऱ्या हे घरच्या खाण्याचे भाग राहिले, आणि त्यामुळेच ते पुस्तकांत कमी आणि घराघरांत अधिक सापडतात.

तांदळाचे तसे नाही. वऱ्हाडचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर. भात सणावारी आणि पाहुण्यांसाठी. धान पिकते ते विदर्भाच्या पूर्व भागात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, आणि सोलेभात म्हणजे दोन विदर्भांची भेट असे म्हटले तरी चालेल. ही भेट घडवण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान या मार्गावर धामणगाव आले, आणि बुलडाण्यातील धामणगाव बढे किंवा अचलपूरकडील धामणगाव गढी यांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून गावाच्या नावाला रेल्वे हा शब्द कायमचा जोडला गेला. सोलेभातासाठी आज बहुतेक घरांत जो तांदूळ वापरतात त्यात एचएमटी हा प्रमुख आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या रंगाच्या काही लोंब्या दिसल्या. त्या जपून, निवडत निवडत त्यांनी हा बारीक दाण्याचा वाण घडवला, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. खोब्रागडे २०१८ मध्ये वारले. भारतभर विकल्या जाणाऱ्या एका वाणाच्या जनकाच्या वाट्याला पैसा फारच थोडा आला, याची नोंद भाताच्या लेखात व्हायलाच हवी.

सोलेभाताचे खरे काम चुलीवर नसून त्याआधी असते. शेंगा बोटाने दाबून पाहतात. दाणा टचटचीत लागला आणि शेंगेच्या हिरव्या रंगावर तांबूस-जांभळ्या रेघा नुकत्या उमटू लागल्या की शेंग घेण्याजोगी. पिवळट पडलेल्या शेंगेतला दाणा पिठूळ लागतो आणि अगदी कोवळ्या शेंगेतला पाणचट. शेंगेवर बारीक गोल भोक असेल तर आत शेंग पोखरणारी अळी असण्याचा संभव असतो, म्हणून सोलताना प्रत्येक दाणा नजरेखालून जातो. शेंगांच्या वजनाच्या साधारण निम्मेच सोले निघतात, त्यामुळे चार माणसांच्या भातासाठी लागणाऱ्या दीड वाटी सोल्यांना बऱ्यापैकी वेळ द्यावा लागतो, आणि हे काम एकट्याने करण्यापेक्षा ओसरीवर चौघांनी बसून करण्याचे आहे.

सोललेले दाणे धुऊन, निथळून तव्यावर किंवा कढईत अगदी थोड्या तेलावर परततात. दाण्यावर तपकिरी ठिपके पडून त्याची साल किंचित सुरकुतली आणि भाजल्या शेंगेसारखा वास सुटला की ते उतरवायचे. हा टप्पा गाळला तर भाताला तुरीचा कच्चा, हिरवट वास राहतो. यानंतर वऱ्हाडी पद्धतीचा खास भाग येतो. परतलेल्या सोल्यांपैकी एक मूठभर खलबत्त्यात जाडसर ठेचून घेतात, कारण हा ठेचा शिजताना तांदळाला चिकटतो आणि तुरीची चव प्रत्येक शितापर्यंत नेतो. गंजात तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परततात, हळद घालतात, मग अख्खे व ठेचलेले सोले, त्यावर धुऊन निथळलेला दीड वाटी तांदूळ, आणि तांदूळ तेलात पांढुरका दिसू लागला की तीन वाट्या उकळते पाणी आणि मीठ. ओले सोले आणि तांदूळ शिजायला जवळपास सारखाच वेळ घेतात, म्हणून दोन्ही एकत्र टाकता येतात. पाणी आटल्यावर झाकण ठेवून निखाऱ्यावर, किंवा गॅसच्या सर्वांत मंद आचेवर, १० मिनिटे वाफ द्यायची. वरून सांबार, म्हणजे वऱ्हाडात कोथिंबीर, पेरतात. काही घरांत वांग्याच्या फोडीही पडतात. वाढताना हिंग-मोहरी आणि सुक्या लाल मिरचीची कडकडीत फोडणी घातलेले तेल भातावर ओततात, गोळाभात आणि वडाभात या वऱ्हाडी भातांना जसे ओततात तसेच, आणि सोबत कढी.

हैतीची रीत वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. वऱ्हाडात दाणा ठेचून त्याची चव भाताला देतात; हैतीत दाणा अख्खा ठेवून तो ज्या पाण्यात शिजला ते पाणी भाताला देतात. या पाण्यासाठी मराठी स्वयंपाकात तयार शब्द आहे तो कट. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीच्या कटाची आमटी होते, पण भात कटात शिजवण्याची कल्पना मराठी घरात रूढ नाही, आणि हैतीकडून घेण्याजोगी गोष्ट नेमकी हीच आहे.

यासाठी वाळलेली अख्खी तूर अधिक चांगली, कारण तिच्या सालीचा रंग कटात उतरतो आणि भात सुरेख तपकिरी होतो. सोल्यांचा कट फिकट हिरवट राहतो. एक वाटी तूर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात शिजवायची. कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या पुरतात, उघड्या भांड्यात पाऊण ते एक तास लागतो, आणि दाणा बोटांत दाबला असता मऊ लागावा पण फुटू नये, एवढ्यावर थांबायचे. टोमॅटो, लिंबू असे आंबट काहीही या टप्प्यावर घालू नये, कारण आम्लामुळे दाण्यातील पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही आणि तूर टणक राहते. विहिरीच्या जड पाण्यात वरण शिजत नाही, अशी जी तक्रार पूर्वी वऱ्हाडात सर्रास ऐकू येई तिच्यामागेही पेक्टिनच आहे. पाण्यातील कॅल्शियम त्याला घट्ट करते. शिजलेली तूर चाळणीत काढून कट मोजून बाजूला ठेवायचा.

आता एपिस. हैतीच्या स्वयंपाकाचा पाया असलेले हे हिरवे वाटण पिलोन नावाच्या लाकडी उखळात कुटले जाते आणि त्यात पार्सली, थाइम, लसूण, पातीचा कांदा आणि मिरची असते. धामणगावात पार्सली आणि थाइम शोधत बसण्याचे कारण नाही. पार्सलीच्या जागी सांबाराच्या कोवळ्या काड्या अधिक आणि पाने कमी घेतली तर वास आटोक्यात राहतो, आणि थाइमच्या जागी चिमूटभर ओवा चालतो. ही केवळ सोय नाही, कारण दोन्हींच्या वासाच्या मुळाशी थायमॉल हे एकच द्रव्य आहे. ओवा जास्त झाला तर मात्र भाताला पोटदुखीच्या काढ्याची कळा येते. पातीचा कांदा आणि लसूण हिवाळ्यात भरपूर मिळतात. एपिसचे दोन मोठे चमचे तेलात परतून त्यात निथळलेली तूर घालायची आणि दाण्यांची साल किंचित कडक होईपर्यंत परतत राहायचे. हैतीत या वेळी खारवलेल्या मांसाचे तुकडेही टाकतात, पण शाकाहारी भातही तितकाच सर्वमान्य आहे. मग कट ओतून, दोन वाट्या तांदळाला एकूण चार वाट्या होतील एवढे पाणी किंवा नारळाचे दूध मिळवून उकळी आणायची, तीन-चार लवंगा आणि मीठ घालायचे, आणि पाण्याची चव भातापेक्षा थोडी खारट लागली पाहिजे, हे चाखून पाहायचे. नारळ वऱ्हाडचा नाही आणि तो वगळल्याने काही बिघडत नाही. किनारपट्टीची सवय असलेल्यांना मात्र त्याची उणीव भासेल.

तांदूळ पडल्यानंतर पाणी पृष्ठभागाखाली गेले की त्यावर एक मिरची अख्खी ठेवतात. तिकडची मिरची कंदिलाच्या आकाराची, अतिशय तिखट आणि फळासारख्या वासाची असते. ती फुटू न देता काढून घेणे ही रांधणाऱ्याच्या हाताची परीक्षा समजली जाते, कारण फुटली तर सगळी हंडी पेटते आणि न फुटता शिजली तर फक्त वास मागे ठेवते. वऱ्हाडी लवंगी मिरचीला तो वास नाही, तरी देठासकट अख्खी ठेवलेली जाड हिरवी मिरची काही अंशी काम भागवते. मिरची मुळात अमेरिका खंडातली आणि पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेली, तूर भारतातून अमेरिकेकडे गेलेली, आणि या एका हंडीत दोघींची गाठ पडते. झाकण घट्ट बसवून अगदी मंद आचेवर २० मिनिटे भात हलवायचा नाही. तळाला जी खरपूस पापडी धरते तिला हैतीत ग्रातें म्हणतात आणि ती कोणाच्या ताटात जाणार यावरून घरात ओढाताण होते. सोबत पिक्लिझ असते, म्हणजे बारीक चिरलेली कोबी, गाजर आणि कांदा तिखट मिरचीसह व्हिनेगरमध्ये मुरवलेला. ते एक-दोन दिवस आधी करून ठेवले तर उत्तम, आणि भाकरीबरोबरही ते वाईट लागत नाही.

तांबड्या राजम्याचा भातही याच क्रमाने होतो, पण तिथे एक काळजी अनिवार्य आहे. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते, आणि ते नष्ट होण्यासाठी भिजवलेला दाणा निदान १० मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळत्या पाण्यात उकळावा लागतो. मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला अर्धाकच्चा राजमा उलट्या-जुलाबांना कारण होतो. साताऱ्याकडचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा राजम्याच्याच जातीचा असल्याने या भाताला शोभतो आणि त्यालाही हाच नियम लागू आहे.

तांदूळ आणि कडधान्य यांच्या जोडीचे पोषणमूल्य आता सर्वश्रुत आहे. तांदळात लायसिन या अमिनो आम्लाची कमतरता असते, ते तुरीत मुबलक असते, आणि तुरीत कमी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले तांदूळ पुरवतो. गरिबांनी हे गणित शास्त्राच्या आधी हंडीतच सोडवले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ज्या हैतीने ते सोडवले तिथे आज त्या हंडीतला तांदूळ बहुतांश परका आहे. आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात देशाचा तांदूळ पिकत असे. १९९५ मध्ये तांदळावरील आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणल्यावर अमेरिकेतील अनुदानित तांदळाने बाजार व्यापला आणि खोऱ्यातला शेतकरी कोलमडला; अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे या धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. वऱ्हाडातील तूर उत्पादकाला हे फार दूरचे वाटणार नाही. २०१६-१७ च्या हंगामात विक्रमी पीक आले, बाजारभाव ५,०५० रुपये क्विंटल या हमीभावाच्या खाली गेला आणि खरेदी केंद्रांवर तूर घेऊन आलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. २०१६ मध्येच भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला होता. आफ्रिकेत गेलेली तूर आता जहाजाने परत येते आणि तिचा भाव धामणगावच्या बाजारात जाणवतो.

संक्रांत ओलांडली की ओल्या शेंगा संपत येतात. सोले साठवायचे असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, लगेच थंड पाण्यात घालून, कापडावर कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. उकळत्या पाण्याची पायरी वगळली तर महिनाभरात त्यांचा रंग आणि वास उतरतो. अख्ख्या तुरीवर हैतीचा भात वर्षभर करता येतो, फक्त त्यासाठी तूर खाण्याची घ्यावी. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळून रंग दिलेला असतो आणि ते कितीही धुतले तरी खाण्यायोग्य होत नाही. घरच्या तुरीला पोळा-गणपतीच्या दमट दिवसांत भुंगेरे लागू नयेत म्हणून उन्हाळ्यातच कडक ऊन देऊन ती कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांबरोबर कोठीत भरण्याची चाल आहे; भुंगेऱ्याने पोखरलेला दाणा भिजवताना पाण्यावर तरंगतो आणि तो तेवढ्यावरून वेगळा काढता येतो.